दोनशे बारा केबीची गावं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज हर्षलनं पिंपळगावला बोलावलं होतं. आमची ‘आजची आवक’, म्हणजे कुठल्या बाजारात किती माल आला ते फोनवर दाखवणारी सेवा, ज्या शेतकरी कंपनीसाठी चालते, तिचं सगळं कामकाज हर्षल बघतो. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मीच त्याला अहो-जाहो करते.

पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरायचं काम चाललं होतं. त्यानं टेबलावर दोन फोन ठेवले. दोन्ही साधे, जुने, सभासदांकडून मागून आणलेले. एकावर आमची ‘आवक’, दुसऱ्यावर मुंबईच्या कुठल्याशा नव्या कंपनीची तसलीच सेवा.

“मॅडम, दोन्ही एकदम दाबा.”

मी दाबलं. त्यांचं लगेच उघडलं. आमच्या फोनवर पांढरा पडदा. पेट्या भरणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. पांढरा पडदा तसाच. हर्षल मोठ्यानं मोजत होता. चौदाव्या सेकंदाला टोमॅटोची आवक दिसली.

“ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा असतो, मॅडम. चौदा सेकंद कोण थांबेल?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “एकतीस तारखेला सभासदांची मीटिंग आहे. तोवर हलकं झालं तर ठीक. नाहीतर आपण त्यांच्याकडे जातोय. तुमच्याबद्दल काही नाही, हां.”

माझ्याबद्दल नाही तर कुणाबद्दल? आठ वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

येताना महामार्गावर गाडी चालवताना ठरवलं, रोजचं काम लिहून ठेवायचं. लिहिलं की डोकं जागेवर राहतं. ही वही कपाटातच होती. पहिली तीन पानं जुनी आहेत, ती फाडली नाहीत.


बुधवार, ८ जानेवारी

‘आवक’ म्हणजे खरं तर एक वेबसाइट. फोनच्या पडद्यावर तिचं चिन्ह ठेवता येतं, एवढंच. ती उघडायची तर आधी जावास्क्रिप्टचं एक गाठोडं फोनवर उतरतं. आम्ही त्याला बंडल म्हणतो. आम्ही लिहिलेला सगळा कोड आणि दुसऱ्यांच्या तयार कोडमधून घेतलेलं सगळं त्या एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. ते उतरवून झालं की फोन ते उलगडून पहिल्यापासून वाचतो, आणि मगच पडद्यावर काही दिसतं. महागड्या फोनला कळतही नाही. साध्या फोनची मात्र दमछाक होते.

आमचं गाठोडं एकोणीसशे चाळीस केबीचं निघालं. जवळजवळ दोन एमबी.

आत काय किती जागा खातं ते बघायला एक साधन असतं. ते चालवलं की रंगीत चौकटींचा नकाशा येतो. जेवढं वजन, तेवढी चौकट. आमच्या मखमलाबादच्या शिवाराचा नकाशा असाच दिसतो. मोठे गट, बांधाला बांध, आणि मध्येच कुणाची तरी चिंचोळी पट्टी.

नकाशा उघडायच्या आधीच मला माहीत होतं काय दिसणार ते. वाल्मीकचं जुनं सामान. त्याला काहीही फेकवत नसे.

वाल्मीकबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ‘आवक’ आम्ही दोघांनी सुरू केली, २०१७ मध्ये. पंचवटीत हळदीकुंकवाच्या दुकानावर एक खोली घेतली होती. शिडीसारखा जिना, एक खिडकी. खाली दुकानदार कुंकू चाळायचा आणि आमचे कीबोर्ड लाल व्हायचे. वाल्मीक देवळ्याचा. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर. खोली घेतली त्याच्या आदल्या वर्षी दसऱ्याला दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, झेंडू बाजारात तसाच टाकून यावा लागला होता. आवक एवढी, की कुणी हात लावेना. दादा घरी येऊन म्हणाले, “काल कळलं असतं तर तोडलाच नसता.” मी हे वाल्मीकला सांगितलं. तो म्हणाला, “मग कळवूया की. त्यात काय हाय?”

पहिलं गाठोडं एकेचाळीस केबीचं होतं. एकेचाळीस! वाल्मीकनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. मी काही नवं घ्यायचं म्हटलं की तो त्या आकड्याकडे बोट करायचा. “हे कशाला लागतं? नाय घेतलं तर काय अडतं?” प्रत्येक गोष्टीला हेच. वैताग यायचा. तेव्हा वैताग यायचा.


गुरुवार, ९ जानेवारी

आज दिवसभर नकाशाच बघत होते. मोठ्या चौकटी अशा:

पिवळी, सगळ्यात मोठी: आलेख काढायचा तयार संच. अठरा तऱ्हांचे आलेख काढतो. आम्ही एकच रेघ काढतो. २०२० मध्ये आला.

निळी: तारखा दाखवायचा संच. जगातल्या शंभरावर भाषांत महिन्यांची नावं आहेत त्यात. आइसलँडचा जानेवारीसुद्धा देवळ्याच्या फोनवर उतरतो. हाही २०२० मध्ये आला.

हिरवी: बाराशे चित्रचिन्हं. वापरतो सात. २०२०.

मग एकच संच दोनदा, दोन वेगळ्या आवृत्त्यांचा. एक मी मागवला होता, दुसरा पिवळ्या चौकटीनं स्वतःबरोबर आणला.

आणि खाली कोपऱ्यात वाल्मीक. बाजारांच्या नोंदी, शोध, पडद्याची मांडणी, त्यानं हातानं लिहिलेलं सगळं मिळून छत्तीस केबी. पण शेजारी त्याचीच आणखी एक चौकट: gaon.js. दोनशे बारा केबी. म्हणजे मी म्हणत होते ते खरं. ही गावांची यादी. सरकारी यादी कुणालाही मिळते, आणि ती सर्व्हरवर ठेवता येते. ही फोनवर कशाला हवी?

तिच्यापासूनच सुरुवात करायची.


शनिवार, ११ जानेवारी

gaon.js काढून टाकली. एक ओळ पुसली आणि दोनशे बारा केबी गेले. गावाचं नाव टाकलं की आता सर्व्हर सरकारी यादीत शोधतो. चिन्हं सातच ठेवली. तारखांसाठी स्वतः वीस ओळी लिहिल्या, बारा महिने मराठीत. गाठोडं आलं एक हजार चारशेवर.

ती यादी कशी झाली ते आठवत बसले. वाल्मीक शनिवार-रविवार मोटरसायकल काढायचा. सटाणा, कळवण, चांदवड, दिंडोरी. सोमवारी परत यायचा तेव्हा वहीत पन्नास-साठ नावं, आणि डिकीत कुणी दिलेली वांगी, पेरू, एकदा चक्क जिवंत कोंबडी. ती आमच्या खोलीत दोन दिवस होती. मी म्हणायचे, “अरे, यादी इंटरनेटवर आहे.” तो म्हणायचा, “त्या यादीत माणसं नाय राहात.”

छान बोलायचा. पण पुढे काम वाढलं आणि नुसत्या छान बोलण्यावर भागेना. नोव्हेंबर २०२० मध्ये एक दिवस तो न सांगता निघून गेला. त्यानंतर बोलणं नाही. मी त्याला कधी दोष दिला नाही.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी गच्चीवर पोरांचा आरडाओरडा, दुपारी तिळाच्या पोळ्या. आईनं विचारलं, “वाल्मीकला तिळगूळ पाठवलास का?” दर वर्षी विचारते. मी म्हटलं, “न सांगता गेलेल्या माणसाला काय पाठवायचं?”

आई म्हणाली, “न सांगता कसा? दारात उभा होता की तासभर. मी चहा दिला, तो हातात गार झाला. तू आतल्या खोलीत फोनवर इंग्रजीत बोलत होतीस.”

लॉकडाउनमध्ये पंचवटीची खोली सोडून आम्ही दोघं इथं माझ्या घरूनच काम करायचो, एवढं बरोबर आहे. पण तासभर वगैरे काही नसेल. आई हल्ली गोष्टी एकमेकींत मिसळते.

आलेखाचा संच काढला. रेघ स्वतः काढायला शिकले, अडीचशे ओळी लागल्या. गाठोडं सातशे तीस. उद्या आधी फक्त देवळा भागातल्या सभासदांना देऊन बघायचं. तिथं नेटवर्क सगळ्यात वाईट. तिथं चाललं तर कुठंही चालेल.


बुधवार, १५ जानेवारी

दिलं. पाच सेकंद. हर्षलनं अंगठा पाठवला.


शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळपासून फोन. पहिला साडेसातला, चंद्रभागा नावाच्या बाई, देवळ्याच्या पुढच्या एका मळ्यावरून.

“तुमच्याच फोनवर बाजार बघते ना मी? आज पुन्हा गाव विचारलं त्यानं. मी आंबेमळा घातलं. तर म्हणतो, असं गाव नाय.”

“मावशी, ग्रामपंचायतीचं नाव घाला.”

“खडकोठ घातलं. तर खडकोठचा बाजार दाखवतो. आमचा माल कधी तिकडं गेला नाय. मधी नदी हाय.” आणि मग शांतपणे म्हणाल्या, “काल परवापर्यंत आमचं गाव होतं त्याच्यात. आता नाय म्हणतो. मग आम्ही कुठं राहतो, बाई?”

संध्याकाळपर्यंत असे एकेचाळीस फोन. कुणी रागावून, बरेचसे समजुतीनं. एक जण म्हणाले, “असू द्या, मॅडम, शेजाऱ्याच्या फोनवर बघतो.” ते जास्त लागलं.

हर्षललाही फोन गेले असणार. त्याचा एका ओळीचा मेसेज आला. “मॅडम, वेगात झालं, पण चुकीचं दाखवून काय उपयोग?” देवळ्याला पुन्हा जुनं गाठोडं दिलं. चौदा सेकंद, पण गाव सापडतं.


शनिवार, १८ जानेवारी

जुनी gaon.js उघडली. काढताना मी ती उघडली नव्हती, हे इथं लिहून ठेवते. नुसती चौकट बघून काढली.

कोडमध्ये माणसांसाठी टिपा लिहून ठेवता येतात. गाठोडं बांधताना त्या गळून जातात, फोनपर्यंत जात नाहीत. लिहिणारा लिहितो ते पुढं उघडणाऱ्यासाठी. या फाइलमध्ये दर दोन-चार ओळींनंतर वाल्मीकची टीप आहे.

“आंबेमळा. कागदावर खडकोठ. पण नदीमुळे रस्ता देवळ्याकडे. फकिराबाबांनी बैलगाडीतून नेऊन दाखवला.”

“इथं दोन वस्त्यांचं नाव एकच. वरच्यांना खालच्यांचं म्हटलेलं चालत नाही.”

“या गावाचं नाव सासुरवाशिणी वेगळं सांगतात, पुरुष वेगळं. दोन्ही घेतली.”

“पाटी चुकीची रंगवलीय. लोक तेच लिहायला लागलेत. तेही घेतलं.”

“इथं कुणीच भेटलं नाही, सगळे लग्नाला गेलेले. पुन्हा यायचं.” आणि खाली दुसऱ्या तारखेला: “आलो. पाच नावं मिळाली. जेवूनच सोडलं.”

सकाळचा चहा तसाच राहिला. दुपारी आईनं ताट आणून ठेवलं. मी वाचत होते. अकराशे नावं. कितीतरी तारखा मला माहीत होत्या, त्या शनिवारी मी इथं काय करत होते तेही आठवलं. एकदा भातलावणीच्या दिवसांत तो इगतपुरीकडं पावसात गेला होता, परत आल्यावर त्याच्या वहीची पानं आम्ही खालच्या दुकानदाराच्या इस्त्रीनं वाळवली होती. दुकानदार म्हणाला होता, “तुमचा धंदा नक्की कसला आहे?” आम्ही दोघं जिन्यावर बसून हसलो होतो. काय हसलो होतो.

फाइलच्या शेवटी, ९ नोव्हेंबर २०२० ची टीप. तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची.

“प्रतिभा, ही जड आहे मला माहीत आहे. हलकी कशी करायची तेही माहीत आहे. काढायची असेल तर आधी मला विचार.”

चार वर्षं ही ओळ माझ्याच संगणकात होती.


सोमवार, २० जानेवारी

त्याला न विचारता जमतं का ते बघितलं. खरं तेच लिहिते.

कल्पना साधी होती. यादीचे तालुक्याप्रमाणे तुकडे करायचे, ज्याच्या त्याच्या फोनवर त्याचा तालुका उतरेल. पण प्रत्येक नावापुढे वाल्मीकनं एक अक्षर घातलंय, ग, थ किंवा घ, आणि पुढं एक आकडा. ग म्हणजे गाव धरलं, घ म्हणजे घाट, थ म्हणजे काय ते कळेना. तालुक्याप्रमाणे तुकडे केले तर आंबेमळा पुन्हा खडकोठला गेला. दिवस वाया.

मीटिंगला अकरा दिवस.


बुधवार, २२ जानेवारी

काल सहा वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. आज सकाळी लावला. मनात होतं की नंबर बदललेला असेल.

“बोल,” तो म्हणाला. जसं काही काल बोलणं अर्धं राहिलं होतं.

मी सरळ कामाचं बोलले. यादी, तुकडे, अक्षरं. त्यानं मध्ये कुठं तोडलं नाही. मग म्हणाला, “ग म्हणजे ग्रामपंचायत. थ म्हणजे थांबा, एसटीचा. घ म्हणजे घरात म्हणतात ते.”

“आणि आकडा?”

“रस्त्याचा. तू तालुक्यानं तोडत असशील.”

“हो.”

“माल तालुक्यानं जात नाय, प्रतिभा. रस्त्यानं जातो. रस्त्यानं तोड. नऊ रस्ते हायेत.” मग म्हणाला, “पण चार वर्षांत रस्ते बदललेत. दोन पूल झालेत. असं फोनवर नाय व्हायचं. शनिवारी ये इकडं.”

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तू कसा आहेस, एवढंही मी विचारलं नव्हतं.


शनिवार, २५ जानेवारी

देवळ्याला जाऊन आले. मोठी नोंद होणार आहे.

वाल्मीक कांद्याचं बियाणं तयार करतो आणि आठवड्यातून तीन दिवस तिथल्या शाळेत संगणक शिकवतो. केस बरेच गेलेत. बायको पूजा, सातवीतली मुलगी साई. मुलगी पहिलीत गेली तेव्हाचे पेढे पंचवटीच्या खोलीत वाटले होते, ती आता माझ्या खांद्याला लागते. पूजानं पाणी दिलं आणि म्हणाली, “ताई, लय उशीर केला यायला.” मी म्हटलं, रस्त्यात गर्दी होती.

ओसरीवर लॅपटॉप उघडला. वाल्मीकला आधी जुना नकाशा बघायचा होता, सहा तारखेचा. त्यानं चष्मा लावला.

“हे पिवळं एवढं काय हाय?”

“आलेख.”

“आणि निळं?”

“तारखा.”

“माझं कुठंय?”

मी कोपऱ्यात बोट ठेवलं. तो चष्मा सावरून त्या कोपऱ्यावर वाकला. मला वाटलं आता बोलेल. त्याला बोलायचा हक्क होता. २०२० मध्ये आलं, २०२० मध्ये आलं असं मी या वहीत लिहीत गेले, जणू ते सगळं आपल्या पायांनी चालत आलं. मी आणलं होतं. पुण्याची एक कंपनी आमच्यात रस घेत होती, त्यांना दाखवायला झकपक हवं होतं. प्रत्येक गोष्टीला नको म्हणणारा वाल्मीक मला अडथळा वाटायला लागला होता.

पण तो एवढंच म्हणाला, “लय केलंस गं एकटीनं.” टोमणा नव्हता. त्यामुळंच जास्त त्रास झाला.

मग कामाला लागलो. मी नाव वाचायचं, त्यानं रस्ता सांगायचा. अडलं की तो फोन लावायचा, “आबा, तुमच्याकडनं आता माल कुठनं निघतो? पुलावरनं का?” सगळे त्याचा आवाज ओळखत होते. साईनं जमिनीवर खडूनं नऊ रस्ते काढले आणि प्रत्येक गावाचा एक दाणा ठेवत गेली. दुपारी पूजानं बाजरीची भाकरी, पातीची भाजी दिली. चारपर्यंत अकराशे नावांतली नव्वद बदलली, सतरा नवी आली. प्रत्येक रस्त्याचा तुकडा वीस-पंचवीस केबीचा झाला. फोनवर फक्त आपापला रस्ता उतरणार, तोही गाव निवडतानाच.

निघताना पूजा गाडीपर्यंत आली. म्हणाली, “हे आले ना तिकडनं, महिनाभर फोन उशाशी ठेवून बसायचे. रागावू नका, मला वाटलं सांगावं.”

चांदवडपर्यंत मी काहीच विचार केला नाही. मग तो दिवस आठवला, नीट, जसा झाला तसा. पुण्याच्या लोकांशी फोनवर बोलत होते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं किती माणसं? मी म्हटलं, कामाची मी एकटीच, दुसरे गावं गोळा करतात, पुढं त्यांची गरज राहणार नाही. हे वाक्य मी इंग्रजीत बोलले. दार उघडं होतं. आई म्हणते तो चहा दारातच दिला होता.

पुण्याच्या लोकांनी शेवटी काही घेतलंही नाही.

माफी मागायची राहिली. आठ तास त्याच्या शेजारी बसले होते.


बुधवार, २९ जानेवारी

उरलेलं न लागणारं सगळंही काढलं. तीनशे अठ्ठावीस केबी. देवळा भागात परत दिलं. आज तिसरा दिवस, एकही फोन नाही.


शुक्रवार, ३१ जानेवारी

सभासदांची मीटिंग. पॅकहाउसच्या मागच्या शेडमध्ये सतरंज्या, साठ-सत्तर माणसं, पुढं बायकांच्या दोन ओळी. हर्षलनं पुन्हा दोन फोन आणले होते. या वेळी त्यानं एका म्हाताऱ्या सभासदाला दाबायला लावलं.

आमचं आधी उघडलं. थोडंसंच आधी, पण आधी. टाळ्या पडल्या. हर्षलनं मुंबईवाल्यांच्या फोनवर गाव शोधायला सांगितलं. त्या म्हाताऱ्यांनी तीनदा टाकलं, सापडेना. आमच्यावर पहिल्या दोन अक्षरांना आलं, तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या. पुढची दोन वर्षं ‘आवक’च राहणार असं तिथंच ठरलं.

मग हर्षल माइकवर म्हणाला, “मॅडमनी हे एकटीनं उभं केलंय. आठ वर्षं. एकटीनं.” आणि माइक माझ्याकडं दिला.

मला भाषण येत नाही. मी म्हटलं, हे दोघांनी उभं केलंय. गावं ज्यांनी गोळा केली ते वाल्मीक. ते आज इथं नाहीत, कारण मी चार वर्षांपूर्वी त्यांची गरज नाही असं म्हणाले होते. त्यांच्या पाठीमागं म्हणाले, आणि त्यांनी ते ऐकलं. आता तुम्ही टाळ्या वाजवल्या त्या गावासाठी. ते गाव त्यांचं काम आहे. जे जड झालं होतं, ते माझं.

हर्षल जमिनीकडं बघत होता. मला वाटलं सगळं घालवलं.

मागून एक जण म्हणाले, “वाल्मीक म्हणजे तो मोटरसायकलवाला? आमच्या ओट्यावर दोन दिवस बसला होता.” दुसरे म्हणाले, “आमच्याकडं त्याची पँट काट्यात फाटली होती.” एक बाई म्हणाल्या, “माझ्या माहेरचं नाव त्यानं लिहून घेतलं होतं, सासऱ्यांपुढं.” आणि मग लोक एकमेकांत बोलायलाच लागले, कोण कुठं भेटलं होतं त्याला. हर्षलनं माइक मागून घेतला नाही.

चहाच्या वेळी तो जवळ आला. म्हणाला, “मॅडम, एक विचारू? तो हलणारा रंगीत आलेख परत घालता येईल का? चांगला दिसायचा.”

मी नाही म्हटलं. कशाला लागतो, असं विचारलं.


शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी वाल्मीकला फोन केला. आधी मीटिंगचं सांगितलं. मग थांबले तर पुन्हा राहून जाईल म्हणून एका दमात बोलले. की तू दारात होतास ते मला माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत करून घेतलं नाही. की मी जे म्हणाले ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते खोटं आहे हे कळत होतं. की चार वर्षं मी लोकांना सांगत आले की तू न सांगता गेलास. मला माफ कर.

पलीकडं मोटारीचं पाणी पडत असल्याचा आवाज. बाया काहीतरी बोलत होत्या.

“वाल्मीक?”

“हाय, हाय.” आवाज नेहमीसारखा नव्हता. “लागण चालली हाय शेवटच्या वाफ्याची. हात चिखलात हायेत माझे, फोन साईनं धरलाय.” मग म्हणाला, “ठेव तू. मी करतो.”

मी ठेवला. दिवसभर फोन हाताशी घेऊन हिंडले. दादांबरोबर शेवंती तोडली, तेव्हाही पदराला बांधल्यासारखा ओढणीच्या टोकाला गुंडाळलेला. आई दोनदा म्हणाली, जेवून घे. तीन वाजले, पाच वाजले. मला वाटलं, नाही करणार. करू नये असंही वाटलं, मीही इतकी वर्षं केला नव्हता.

साडेसहाला आला.

“हां, बोल,” तो म्हणाला. “दादांची शेवंती कशी हाय यंदा?”

मी सांगितलं. मग साईच्या शाळेचं निघालं, पूजाच्या गुडघ्याचं, माझ्या लग्नाचं, जे झालं नाही त्याचं, त्याच्या वडिलांचं, जे दोन वर्षांपूर्वी गेले आणि मला कळलंही नाही. तिथं मी रडले. तो थांबला माझ्यासाठी. आईनं बाहेरून विचारलं, कोण आहे, आणि मी सांगितल्यावर फोन हातातून काढूनच घेतला. म्हणाली, “काय रे, चहा तसाच टाकून गेलास तो?” पलीकडं तो जोरात हसला. मलाही ऐकू आलं.

फोन बंद केला तेव्हा पावणेआठ झाले होते. ‘आवक’चा विषय एकदाही निघाला नाही.